कानपिळीचा मान

मलकापूर स्टेशनावर गाडीची वाट बघत बसलेल्या तानुबाईच्या शेजारी एक बाई तरण्या दिराशी बोलत बसली होती.

“भाऊजी, लग्नाले चाललो न आपण? तोंड काऊन उतरलं?”

“वहिनी, गेल्या उन्हाळ्यात मामाच्या गावाले गेलतो, तवा वेणू भेटली. रोज नदीवर फिरत होतो आम्ही.”

“तिचा बाप फिरू देत होता?”

“मीच तिच्याकडून मनगटाले राखीचा दोरा बांधून घेतला. भाऊ म्हटल्यावर कोण अडवते?”

“अन् ती?”

“बांधतानी रडली. म्हणे, दुसरं काही सुचलं नाही का तुमाले?”

“अगाई.”

“तिले सख्खा भाऊ नाही. आता तिच्या लग्नात नवरदेवाचा कान पिळाले बापानं मलेच बलावलं.”

“नाही म्हणा न.”

“भाऊ कसा नाही म्हणन?”

गाडी आली. वहिनीनं आहेराचं गाठोडं उचललं.

“तो दोरा तरी काढून टाका, भाऊजी.”

“तिनंच बांधला न, वहिनी.”