वहीतलं साडेएकसष्ट किलो

नाव पोलीस ठाण्याच्या नोंदीत दिलं आहे. कामावर सगळे मला सिस्टर म्हणतात. वय चौपन्न वर्षे. धंदा: घरोघरी जाऊन रुग्णसेवा, त्याआधी बावीस वर्षं हृदयविकाराच्या वॉर्डात नोकरी. राहणार बाजारामागची गल्ली, दुसरा मजला. समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मयत इसम वय एकाहत्तर, शिलाईचं दुकान चालवायचे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांचं हृदय कमजोर झालं होतं. रक्त पुढे ढकलायची ताकद कमी झाली की अंगात पाणी साठतं. मागच्या महिन्यात अकरा दिवस दवाखान्यात काढून ते घरी आले. तेव्हापासून मी रोज सकाळी आठला जात होते. नाडी, रक्तदाब, पायाची सूज बघायची आणि चहाच्या आधी वजन घेऊन वहीत लिहायचं, हे माझं काम. वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी लिहून दिलं आहे की तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं तर लगेच फोन करा. ते वाढलेलं वजन म्हणजे पाणीच असतं.

गोळ्या आणि पिण्याचं पाणी सूनबाई बघायच्या. मुलगा परगावी नोकरीला. आत्याबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या धाकट्या बहिणीने, तक्रारीत म्हटलंय की सुनेने गोळ्या चुकवल्या आणि आजारी माणसाला पाण्यावाचून तरसवलं. हे साफ खोटं आहे. गोळ्यांच्या डबीचे कप्पे मी रोज तपासत होते. लघवीची गोळी सकाळी, नाडी आवरणारी दोन वेळा, एकही चुकलेली नाही. दिवसाला दीड लिटर पाणी हा डॉक्टरांचा हुकूम होता, सुनेचा नाही. मास्तर तिच्यावर डाफरायचे, फोनवर बहिणीकडे गाऱ्हाणी करायचे. ही बिचारी ऐकून घ्यायची. त्यांना तहान लागू नये म्हणून ती स्वतः त्यांच्यासमोर पाणी पीत नसे. तिला सकाळपासून बाहेर बाकावर बसवून ठेवलंय ते मला पटलेलं नाही, हेही लिहा.

आता माझं. गुरुवारी वजन साडेएकसष्ट भरलं, रोजच्यासारखं. पण घोट्यावर अंगठा दाबला तर पडलेला खड्डा भरेचना. वजनकाटा शिलाई मशीनला लागून ठेवलेला असतो. शुक्रवारी मी नीट पाहिलं, तर मास्तरांचा उजवा हात मशीनवर आणि अंगाचा भार त्या हातावर. मी म्हटलं, हात काढा. त्यांनी काढला. काटा चौसष्टवर गेला.

मी डॉक्टरांना लावायला फोन काढला. तेव्हा ते म्हणाले, "सिस्टर, चाळीस वर्षं कमरेचं माप घेताना मी टेप बोटभर सैल सोडत आलो. माणसाला श्वास घ्यायला जागा लागते. तुम्हीपण दोन दिवस सोडा. रविवारी बहीण येतेय, अकरा वर्षांनी. तिने मला नळ्या लावलेला बघू नये. सोमवारी मी आपल्या पायांनी दवाखान्यात येतो."

मी फोन पर्समध्ये ठेवला आणि वहीत साडेएकसष्ट लिहिलं. साहेबांनी विचारलं, दया आली का? दया नाही. मास्तर मला आवडायचे. भांडायचे, पण भांडून झाल्यावर चहा दिल्याशिवाय सोडायचे नाहीत. आणि वाटलं, दोन दिवसांनी असं काय बिघडणार आहे. वॉर्डात बावीस वर्षं काढलेल्या बाईला असं वाटायला नको होतं.

शनिवारी काटा पासष्ट दाखवत होता. मी बासष्ट लिहिलं. मास्तर तीन उशांवर टेकून बसले होते, बोलताना मधेच थांबत होते. सूनबाईंनी मला दारात गाठून विचारलं की बाबांचा चेहरा सुजल्यासारखा वाटतोय, डॉक्टरांना कळवू का. मी म्हटलं, वजन ठीक आहे, घाबरू नका. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. तिच्याकडून काही चुकलं असेल तर एवढंच.

रविवारी सकाळी सात चाळीसला तिचा फोन आला. मी आठला पाच कमी असताना पोचले. मास्तर पलंगाच्या कडेला बसून श्वासासाठी धडपडत होते, ओठ निळे पडले होते. अॅम्ब्युलन्स मी बोलावली. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. आठ पन्नासला ते गेले. आत्याबाईंची गाडी दहाला आली.

वही मी आपणहून हजर केली आहे. शुक्रवार आणि शनिवारचे आकडे खोटे असून अक्षर माझं आहे. यात माझं काम कायमचं जाऊ शकतं, हे साहेबांनी मला समजावून सांगितलं. समजलं.

जबाब मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरवला आहे, पदरचं काही नाही. सही करण्याआधी मी साहेबांना विनंती केली की आत्याबाईंना हा वाचाल तेव्हा माझी चूक सगळी सांगा, पण मास्तर कुणासाठी घरी थांबले ते तेवढं गाळा. साहेब म्हणाले, जबाब अर्धा वाचता येत नाही. मी म्हटलं, तर मग पूर्ण वाचा. तेव्हा मी आत्याबाईंच्या शेजारी बसेन.