सुट्टीचं वेळापत्रक

"सुट्टीतलं एक मिनिट वाया जाऊ देणार न्हाय, सांगून ठेवतो!" सोलापूरच्या एसटी स्टँडवर रुद्रप्पानं गर्जना केली. बसला पाऊण तास उशीर होता. शेजारच्या बाकावर इलाहीबक्षचाचांनी पेपर उघडला आणि कान तिकडं लावले.

"महानंदा, कागदावर सगळं मांडलंय बघ. कृषी पर्यटन केंद्रावर दोन दिवस. साडेपाचला पोरं उठवायची, सहाला गाईची धार."

"अप्पा, गाय उठलेली असंल का?" पोरगा बसूनं विचारलं.

"गप रं बसू. सातला बैलगाडी, आठला शेततळं."

"मला नुसता झोका पायजे."

"झोका साडेचारला हाय, सिद्धी. दहा मिनिटं."

"आन् माझ्या नावापुढं काय लिवलंय?" महानंदानं नवऱ्याच्या कागदात डोकावलं.

"तुला खास! अकराला चुलीवर भाकरी थापायचा अनुभव."

"अनुभव?"

"शहरातल्या बायका लई हौसेनं घेतात म्हणं."

"बारा वर्षं रोज घेतेय की! दोन दिवस भाकरी थापायची न्हाय, म्हणून तर निघाले मी. तितं मला अकरापर्यंत झोपू द्या."

रुद्रप्पानं कागद वरून खाली दोनदा वाचला. मग बाकाकडं वळला.

"चाचा, पेन हाय का तुमच्याकडं? जरा खोडायचंय."