जोडीदाराची हाक

गार्नेट : आणि त्या माणसाचं हाड मोडलं?

डार्का : हासळीचं. बाबा जेवणघरातून खोलीकडे चालले होते. तो मदतनीस मागून चाकाची खुर्ची घेऊन आला. बाबांनी वळूनही पाहिलं नाही. खांदा घातला आणि त्याला भिंतीत दाबलं.

गार्नेट : खांदा की कोपर?

डार्का : हे तुम्ही मला विचारताय, काका?

गार्नेट : कोपर असेल तर फाऊल आहे. खांदा असेल तर या वयात बरं जमलं म्हणायचं.

डार्का : या वृद्धाश्रमाच्या बाईंना तसं नाही वाटलं. आधी दोघांना धक्के मारून झाले होते. पुन्हा झालं तर इथे ठेवता येणार नाही, असं त्यांनी ख्रिसमसलाच बजावलं होतं. आता शहरातला कुलूपबंद विभाग. न्यायला गाडी येतेय, दहा वाजता.

गार्नेट : आज?

डार्का : म्हणून तर काल फोन केला. कॉफी घ्या. मशीनची आहे, पण गरम आहे.

गार्नेट : त्याला सांगितलंस?

डार्का : रोज सांगते. त्यांना रोज नवीनच असतं.

गार्नेट : मला ओळखेल का गं?

डार्का : मला नाही ओळखत. तुमचं सांगता येत नाही. परवा सूप पिताना एकदम म्हणाले, "गार्नेट कुठाय? कोपरा मोकळा पडलाय." गेल्या जूनपासून इथे आहेत. नोव्हेंबरनंतर घेतलेलं ते एकच नाव. आणि तुमचं शेत इथून वीस मिनिटांवर.

गार्नेट : यायचो मी. इथल्या जवळच्या कर्लिंगच्या रिंकपर्यंत यायचो, गाडी तशीच चालू ठेवून बसायचो आणि घरी जायचो. बायकोला, शर्लीला सांगायचो, झोपला होता म्हणून.

डार्का : आई म्हणायची, ओरेस्टची खरी बायको गार्नेटच. मी आपली उन्हाळ्यापुरती.

गार्नेट : खोटं नाही. अकरा हिवाळे बर्फावरची हॉकी जोडीनं खेळलो, दोघंही बचावात. तो डावीकडे, मी उजवीकडे. बसमध्ये एक बाक, हॉटेलात एक खोली. खेळात दात पडलेले, दोघांच्या कवळ्या एका पेल्यात. सकाळी मी मुद्दाम त्याची लावून बसायचो. शिव्या द्यायचा, पण दातांशिवाय त्या कळायच्या नाहीत.

डार्का : मला ते खेळताना आठवतच नाहीत. आठवतं ते तळघर. दिवसा पडदे ओढलेले, बाबांच्या डोक्यावर गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी, आणि आई म्हणायची, चमचा वाजवू नकोस. मोठ्या लीगनं तीनदा बोलावलं आणि तीनदा परत पाठवलं, हेही आईकडूनच कळलं. वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं काढून बघितली मी. बाबांचं नाव फारसं नाहीच.

गार्नेट : नसणारच. गोल मारणाऱ्याचं नाव छापतात. बचावातल्याचं नाव छापून आलं की समजायचं, त्या रात्री माती खाल्ली. ओरीचं नाव आलं नाही, यातच सगळं आलं.

डार्का : फार आलं नाही यात, काका.

गार्नेट : हं. ते राहू दे. तो माणूस मागून आला तेव्हा काही बोलला का?

डार्का : कोण, खुर्चीवाला? नाही. ते हळूच येतात. रबरी तळव्याचे बूट घालतात. पेशंट दचकू नये म्हणून त्यांना तसंच शिकवलेलं असतं.

गार्नेट : म्हणजे जूनपासून त्याच्या पाठीमागून माणसं येताहेत, आणि हाक कुणीच देत नाही.

डार्का : कसली हाक?

गार्नेट : तुला त्यानं कधीच सांगितलं नाही?

डार्का : आमच्या घरी खेळाबद्दल बोलायचं नव्हतं.

गार्नेट : बघ. समोरचे पक, ती रबरी चकती, आपल्या कोपऱ्यात टाकतात. तो आणायला आपल्यातल्या एकानं जायचं, तोंड कडेच्या फळ्यांकडे, पाठ सगळ्या मैदानाकडे. मागून त्यांचा गडी सुटलेला असतो, बैलासारखा. मान वळवून बघायला वेळ नसतो. बघतो जोडीदार. तो ओरडतो. "पाठीवर" म्हणाला की अंग घट्ट करायचं, खांदा आधी घालायचा. "वेळ आहे" म्हणाला की मान वर करून निवांत वळायचं. दुसरं काही बोलायचं नाही आणि त्यावर शंका घ्यायची नाही.

डार्का : आणि हाकच आली नाही तर?

गार्नेट : तर कोणीतरी पाठीवर आहे, असंच धरायचं.

डार्का : म्हणजे कुणी नुसतं सांगितलं असतं…

गार्नेट : तर ते हाड शाबूत राहिलं असतं. बहुतेक.

डार्का : मी डॉक्टरांना विचारलं. दोन जाड पुस्तकं वाचली. त्यांना संगीत लावून दिलं, खोलीचा रंग बदलून घेतला.

गार्नेट : आपण बाईंना सांगू या. मी सांगतो चल.

डार्का : दारावरची पाटी बघा.

गार्नेट : एडना कोणीतरी.

डार्का : दुपारी येणार आहेत त्या. काल संध्याकाळीच पाटी बदलली. बाबा अजून आत बसलेत.

गार्नेट : मग मला कशाला बोलावलंस? निरोप द्यायला?

डार्का : न्यायला दोघं येणार आहेत. पट्टे मागूनच बांधावे लागतात, खुर्चीचे. बाबांनी हात उगारला तर सुई देतात. नोव्हेंबरात एकदा दिली होती. पाच दिवस झोपले आणि उठले ते माझं नाव मागे ठेवूनच. उरलंय ते थोडंच आहे, काका. ते या गाडीत जायला नको. काल मला एवढंच वाटत होतं की तुमचा आवाज ऐकून शांत राहतील. आता काय बोलायचं तेही कळलं.

गार्नेट : काय बोलायचं?

डार्का : वेळ आहे.

गार्नेट : आणि ते दोघं?

डार्का : मागे असतील.

गार्नेट : नाही जमायचं, पोरी.

डार्का : का?

गार्नेट : ती खोटी हाक झाली. माझ्याआधी त्याचा एक जोडीदार होता. भला माणूस, पण एकदा चुकला. ओरी मान वर करून वळला, तो समोरच्याच्या खांद्यात. जबडा तीन ठिकाणी मोडला. तारा बांधलेल्या तोंडानं महिनाभर सूप पीत होता. त्या माणसाशी तो पुन्हा बोलला नाही. माझ्याकडे आला तेव्हा पहिल्या दिवशी म्हणाला, तू हरलास तरी चालेल, खोटं सांगू नकोस. मी नाही सांगितलं. अकरा वर्षांत एकदाही नाही.

डार्का : आणि डोक्याला मार बसायचा तेव्हा?

गार्नेट : त्याचं काय?

डार्का : आईनं एकदा सांगितलं होतं. शुद्धीवर आणायला नाकाखाली नवसागराची पुडी धरायचे आणि विचारायचे, बोटं किती.

गार्नेट : हो.

डार्का : बाबांना दिसायची नाहीत.

गार्नेट : कधी कधी नाही दिसायची.

डार्का : मग?

गार्नेट : मी मागे उभा असायचो. आकडा सांगायचो, हळूच. त्याला खेळायचं असायचं. नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी खालच्या लीगमधलं कोणी आलं असतं.

डार्का : तेव्हा खोटं वाटलं नाही?

गार्नेट : बोटं तेवढीच होती, डार्का.

डार्का : हो. तेवढीच असणार.

गार्नेट : हे तू शर्लीसमोर बोलू नकोस.

डार्का : मी कुणासमोरच बोलत नाही. गाडी आली बघा.

गार्नेट : मागच्या दारानं येतात वाटतं.

डार्का : सुईचा डबा त्या उंच माणसाच्या हातात आहे. मी त्यांना म्हटलंय, दोन मिनिटं द्या. नसेल जमत तर तसं सांगा. मी बाहेर थांबेन. मला ते बघायचं नाही.

गार्नेट : दार उघड.

(ओरेस्टची खोली. तो खिडकीकडे तोंड करून उभा आहे.)

गार्नेट : ओरी.

ओरेस्ट : उशीर केलास.

गार्नेट : रस्त्यावर बर्फ होतं रे.

ओरेस्ट : तुझं नेहमीचंच. बस निघून गेली असती. ही बाई कोण?

गार्नेट : आपली आहे.

ओरेस्ट : मग ठीक. रडते कशाला? हरलो का आपण?

डार्का : नाही. कोट घालू या. बाहेर थंडी आहे.

ओरेस्ट : गार्नेट, तो कोपरा बघितलास? बर्फ वाईट आहे तिथलं. पक उड्या मारतो.

गार्नेट : बघितला. मी आहे.

ओरेस्ट : मागे पावलं वाजताहेत.

गार्नेट : हं.

ओरेस्ट : गार्नेट. कोण आहे?

डार्का : काका.

ओरेस्ट : पाठीवर आहे का?

गार्नेट : नाही. वेळ आहे, ओरी. भरपूर वेळ आहे. मान वर कर, सावकाश वळ.

ओरेस्ट : बरं.

डार्का : हात इथे ठेवा, बाबा. असे. आता बसा. झालं.

ओरेस्ट : हे काय बांधताय?

गार्नेट : पॅड आहेत रे. घट्ट लागतात नवीन असले की.

ओरेस्ट : तू येतोस ना?

गार्नेट : तू पुढे हो. मी मागचं बघतो.

डार्का : इथेच थांबा तुम्ही. मी दारापर्यंत जाऊन येते.

(थोड्या वेळानं डार्का परत येते.)

गार्नेट : झालं?

डार्का : बसवलं गाडीत. सुई लागली नाही. मी पाठोपाठ निघते, माझी गाडी आधी तापवायला हवी. कॉफी गार झाली तुमची.

गार्नेट : त्यानं एकदा तरी मागे वळून बघितलं का?

डार्का : नाही. मागचं मी बघतो, असं तुम्ही सांगितलं होतं ना.