घरच्या दारात चेंगरलेली बोटं

दाजी : (दवाखान्याच्या बाकावर, मेहुण्याच्या हाताला फडकं गुंडाळत) …आणि डॉक्टरांनी विचारलं तर म्हणायचं, घरच्या दारात बोटं चेंगरली. माझ्या वेळीही हेच खपलं होतं.

मेहुणा : तुमच्या वेळी? दाजी, तुमचं बोट तर ताईनं दार आपटलं म्हणून गेलं!

दाजी : दार कुणीतरी आपटावं लागतं. साहेब म्हणाले होते, घरी झालं म्हण, फोरमन करतो. केलं की.

मेहुणा : तुमची आई मरेपर्यंत ताईला टोमणे मारत होती. अवदसा म्हणायची. ताई एका शब्दानं बोलली नाही.

दाजी : मीच सांगितलं होतं, गप्प राहा म्हणून. तू वारा आला म्हण. बायकोला कशाला मध्ये आणतोस?

मेहुणा : उपकार झाले. आपल्या कारखान्यात कुणाला काही होतच नाही. वेल्डरचा डोळा घरी गेला, पेंटरची छाती घरी भरली. काय एकेक घरं आहेत लोकांची!

दाजी : चेष्टा नको. तुझा हात सापडला त्या प्रेस मशीनची जाळी मी काढायला लावली होती. जाळी असली की हात अडतो, माल कमी निघतो.

मेहुणा : हात अडावा म्हणूनच ती असते ना?

दाजी : कारखान्यात झालं म्हणालास की तपासणी येणार. जाळी कुणी काढली? फोरमननं. साहेब त्या दिवशी परगावी असतील. घर तुझ्या बहिणीचं बसेल.

मेहुणा : आणि माझं? उजवा हात आहे, दाजी.

दाजी : साहेब बघू म्हणालेत.

मेहुणा : वेल्डरकडेही बघतच होते. तुम्ही मागे ते कामगारांचे हक्क वाचून दाखवलेत, त्यात काय होतं?

दाजी : ऐकलं नाहीस?

मेहुणा : सगळ्या प्रेस धडधडत होत्या. आम्हाला नुसते ओठ दिसले. तुम्ही थांबलात, म्हणून टाळ्या वाजवल्या.

दाजी : हक्क सांगायचा नियम आहे. प्रेस बंद करायचा नियम नाही.

मेहुणा : इथे शांत आहे. सांगा.

दाजी : (इकडे तिकडे बघून) कामावर इजा झाली तर उपचार मालकाच्या खर्चानं. घरी बसावं लागलं तर पगाराचा काही भाग. अवयव गेला तर भरपाई. कामगाराचं लक्ष नव्हतं, तरीही.

मेहुणा : म्हणजे माझी चूक असली तरी मिळतं?

दाजी : मिळतं.

मेहुणा : मग झालं तर. जाळी मीच काढली म्हणतो. मला भरपाई, तुमची नोकरी शाबूत. ताईनं पुष्कळ सोसलंय.

दाजी : जाळी तू काढलीस म्हणणार?

मेहुणा : काय झालं? आता तरी हसा.

नर्स : चला, आत घ्यायचंय. कसं झालं हे?

मेहुणा : कारखान्यात, सिस्टर. प्रेसखाली. जाळी मीच काढली होती.

नर्स : बरं. लिहिते तसं.

दाजी : थांबा. लिहू नका.

मेहुणा : दाजी, ठरलं ना आपलं?

दाजी : एक ओळ राहिली सांगायची. कामगारानं जाळी स्वतः काढली असेल, तर काही मिळत नाही.

नर्स : अहो, हाताचं रक्त थांबत नाहीये. मी काय लिहू? जाळी होती की नव्हती?

दाजी : नव्हती. मी काढायला लावली.

नर्स : तुम्ही पेशंटचे कोण?

दाजी : फोरमन.