काचपेटीतलं तैवान

— नाही, हात नका लावू काकू, रांगोळी आहे ती, थर बिघडतील. हो, साधी रांगोळीच, मंडईतून आणलेली. खाली पांढरी, मग पिवळी, मग विटकरी — हा समुद्राच्या तळाचा गाळ समजायचा. ही डावीकडची फळी म्हणजे आशियाची प्लेट, भूपट्ट म्हणतात तो, ही उजवीकडची फिलिपिन समुद्राची. दोन्ही एकमेकींना रेटतात. आता मी हा स्क्रू फिरवते — बघा, गाळाला जायला जागाच उरत नाही, मग तो दुमडतो, दुमडून वर येतो, पाण्याच्याही वर — झालं तैवान. अजून वर येतंय ते. पण पाऊस आणि नद्या वरून खरवडून नेतात, त्यामुळे वाढतंय हे दिसत नाही.

एकटीनं कुठलं, बाबांनी मदत केली. स्क्रू त्यांनीच बसवला. जोरात ढकललं की नुसता ढीग होतो, हळू ढकललं की डोंगर होतो, असं ते म्हणाले — ते जमेपर्यंत रोज दुपारी आम्ही — म्हणजे, दुपारी नाही. दुपारी झोपतात ना ते, अमेरिकेची शिफ्ट, घरूनच, लॅपटॉपवर. तुम्हीच तर सोसायटीत सगळ्यांना सांगता, दिवसा त्यांची बेल वाजवू नका म्हणून. मग रात्री केलं असेल. नाही, रात्री काम असतं, बरोबर आहे तुमचं. सुट्टीच्या दिवशी. रोज कशी असेल सुट्टी, तेही बरोबर आहे.

रात्रभर दिवा दिसतो तो — तो आम्ही लावून ठेवतो. म्हणजे बाबा लावतात. काकू, मंदी सगळीकडेच आहे, हडपसरच्या त्यांच्या ऑफिसात तर अख्खा मजला रिकामा केला, चांगली चांगली माणसं काढली — दिवाळीच्या आधीच. आई म्हणाली होती कुणाला बोलायचं नाही. मी बोलत नव्हते. तुम्ही विचारत गेलात.

आले नाहीत बाबा प्रदर्शनाला. यायचं होतं त्यांना, सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मीच म्हणाले, तुम्ही नका येऊ, दिवसा जागे कसे म्हणून लोक विचारतील. तर म्हणाले, हो, खरंच की. आणि पेटी रिक्षापर्यंत आणून दिली, मांडीवर कशी धरायची ते दाखवलं, आणि जिन्यानं भराभर वर गेले — कुणी बघायच्या आत. एवढ्या चांगल्या शर्टात.

नको, फोन नका करू त्यांना. काय सांगणार? मॉडेल छान झालंय म्हणून? मग ते दिवसा जागे असतात हे कुणी सांगितलं, ते कळेलच ना त्यांना.

मागे मुलं खोळंबलीत, काकू. तुमचा तेजस तिकडे वाट बघतोय, त्याचा ज्वालामुखी आहे, व्हिनेगर ओतलं की फेस येतो. तो सगळ्यांना आवडतो. तुम्ही तिकडेच जा ना.