तोच लाल रंग

(केमोची खोली. सत्यभामाबाई खाटेवर, पिशवी मांडीवर घेऊन. जवळ सून शैलजा आणि नर्स अलफिया.)

सत्यभामाबाई : रंग तं तोच हाये! मांगच्या बाटलीवानी लालच. मले आंधळी समजते का वं पोरी?

अलफिया : रंग तोच मावशी, औषधही तेच. फक्त ह्यावेळी कपडे घालून आलंय.

शैलजा : आई, दोन डोसांत गाठ अर्धी झालीय. आता सोडलं तर पुन्हा वाढेल हो.

सत्यभामाबाई : वाढू दे. सतरा दिवस भाकर गेली नाही पोटात. वरणाचा वास आला का ओकारी. डोक्याचा भोपळा झाला. गार्गी पयले रडली, आता टाळूवर तबला वाजवते.

अलफिया : हुशार आहे नात. फुकटात तबला.

सत्यभामाबाई : हासू नको. जानेफळची यष्टी चारले हाये. मी चालली.

शैलजा : ऐका तरी. मागचं औषध मोकळं होतं, ते अंगभर जायचं, केसांना, पोटाला, सगळीकडे मार. हे चरबीच्या बारीक गोळ्यात भरलेलं आहे. केसाच्या जाडीत हजारेक गोळे मावतील.

सत्यभामाबाई : माह्यापाशी केस कुठी हाये मोजाले?

अलफिया : गाठीच्या रक्तनळ्या फाटक्या असतात मावशी. गोळा तिथंच जास्त झिरपतो आणि आत जाऊन उकलतो. बाकी अंगाला त्रास कमी.

सत्यभामाबाई : बीटी कपाशीच्या बियाण्याच्या टायमाले दुकानवाले अस्संच सांगे. दवा आतच हाये, अळी खाईन न मरीन, फवारनी कमी. काही वर्सं झालंही तसं. मंग गुलाबी अळी बोंडातच घर करून बसली. उभी पऱ्हाटी उपटली मी, ह्या हातानं.

अलफिया : माझ्या अब्बांचं धामणगाव बढ्याला बियाण्याचंच दुकान, मावशी. पत्रकात होतं तेवढं त्यांनी वाचून दाखवलं. लोक सडकी बोंडं घेऊन आले, तेव्हा अब्बा दुकानात यायला घाबरायचे. मी होते काउंटरवर, नववीत.

सत्यभामाबाई : मंग? तू काय बोलली त्याईले?

अलफिया : काहीच नाही. म्हणून आता वाईट तेच आधी बोलते. हाताचे-पायाचे तळवे लाल होतील, सालं निघतील. तोंड येऊ शकतं. गरम पाणी नको, घासणं नको. उलट्या बहुतेक कमी होतील, पण वचन देत नाही. काही दिसलं की लगेच फोन.

सत्यभामाबाई : तळहाताचे सालं निघतीन?

अलफिया : निघू शकतात. म्हणून कापूस वेचायचा नाही. बोंडाची टोकं टोचतील.

सत्यभामाबाई : अन् आठ दिवसांनं सीतादही हाये ते? पयल्या वेचनीची पूजा! दहीभात शिंपडून पयलं बोंड मीच वेचतो, तीस वर्सं झाले.

शैलजा : मी वेचीन.

सत्यभामाबाई : तू? बुलडाण्याच्या क्लार्कची पोरगी! मांगच्या साली बोंडासंगं पानाचा सारा कचरा ओटीत भरला होता तुनं.

शैलजा : तुम्ही बांधावर खुर्चीत बसा आणि रागवा. पण बसायला तुम्ही पाहिजे ना, आई.

सत्यभामाबाई : काऊन डोळे पुसते वं? वेचनी हाये, मयत नाही.

अलफिया : मावशी, यष्टी सुटेल. काय करू?

सत्यभामाबाई : सुटू दे. सुई डाव्या हाताले लाव. उजवा मोकळा ठेव, इले वेचनं शिकवा लागते.