बॉटल नावाची माणसं

— चिठ्ठीतलं शुद्धलेखन चुकलं असेल, काका, माफ करा, माझी शाळा चौथीत सुटली, शब्दही साधेच येतात — पण 'ताबडतोब या' एवढं कळलं ना? बसा. नाही, ते कागद काढू नका. काल दफनभूमीत पाद्रीबुवांना दाखवत होतात तेव्हा मी मागेच उभा होतो. जहाजाच्या वहीत 'जॅक बॉटल, क्रू जमातीचा खलाशी, फ्रीटाऊन', चर्चच्या वहीतही जॅक बॉटल, म्हणून तो तुमचा पणजोबा, आणि म्हणून माझ्या पणजोबाच्या छातीवर तुमचा दगड — असंच ना? मग हे सांगा, एका जहाजावर त्याचं वय एकोणीस, आणि वीस वर्षांनी दुसऱ्या जहाजावर बावीस, ते कसं? आणि तो तिकडे केपटाऊनला कोळसा भरत असताना इथं मुलीच्या बाप्तिस्म्याला हजर कसा? काय म्हणालात, कारकुनाची चूक? कारकून बिचारा बरोबर होता. बॉटल हा माणूस नव्हताच, काका, ती जागा होती. गोऱ्या अधिकाऱ्यांना आमची नावं उच्चारता येईनात — येईनात कसली, उच्चारायचीच नव्हती — म्हणून एक बॉटल, एक फ्रायपॅन, एक पीसूप, बाटली-तवा-सूप अशी माणसांची नावं. बॉटल तापानं पडला की आमचाच मुकादम दुसऱ्या पोराला पुढं ढकलायचा, आजपासून तू बॉटल. हजेरी त्याच नावावर, पगार त्याच नावावर. किती बॉटल बुडाले देव जाणे. त्यातला एखादा तुमचा असेल, मी कुठं नाही म्हणतो? तिकडे तुमच्या लिव्हरपूलला उतरला असेल, लग्न केलं असेल. पण तो हा नव्हे. हा इथं फ्रीटाऊनच्या क्रूटाऊनमध्ये, आम्हा क्रू लोकांच्या वस्तीत, आमच्या घरात मेला. त्याच्या कबरीवरचं गवत आजी काढायची, आता आई काढते. तुम्हाला काका म्हणतो ते वयाकडे बघून, नात्यानं नाही.

ओरडत नाहीये मी. गोदीत विचारा कुणालाही, दिवसभर तोंड उघडत नाही हा. शाळेत बाई हजेरी घ्यायच्या ना — बॉटल म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या, रिकामी की भरलेली रे, असं विचारायच्या. रोज. एक दिवस गेलोच नाही, मग कधीच गेलो नाही — ते जाऊ द्या. आणि तुम्ही तेच नाव संगमरवरात कोरलंत. सोनेरी रंग भरून.

आज सकाळी छिन्नी घेऊन गेलो आणि तासलं ते. हो, मीच. पाद्रीबुवांना सांगा, पोलिसांना सांगा. म्हटलं, याचं खरं नाव घालू या, आपल्या भाषेतलं, त्याच्या आईनं ठेवलेलं.

काय होतं म्हणजे?

आत्या म्हणते टुग्बे. आई म्हणते न्येमा. घरात सगळे त्याला 'बा' म्हणायचे हो, आणि बाहेर बॉटल, मग तिसरं नाव लागणार कुणाला, कशाला? ऊन डोक्यावर येईपर्यंत छिन्नी टेकवून उभा होतो. एक रेघ मारली नाही.

असं बघू नका माझ्याकडे. उठा. टॅक्सी थांबलीय तुमची.